पुढच्या ब्रेकमधला हुंकार

डॉ. जिनेंद्र मगदूम यांच्या सायकलीचा पुढचा ब्रेक जोतिबाच्या उतारावर गेला. गेला म्हणजे तुटला नाही, कडकन वाजला नाही, काही नाही. डॉक्टरांनी लिव्हर दाबला आणि लोण्यात बोट जावं तसा तो थेट मुठीपर्यंत आला. मागचा ब्रेक शाबूत होता म्हणून डॉक्टर रस्त्यावरच राहिले. ते उतरले, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि उरलेला उतार सायकल हातात धरून चालत आले. पायथ्याला सायकल ग्रुपची मंडळी मिसळीच्या गाड्यावर खोळंबली होती. "वर एक दुर्मिळ पक्षी दिसला, बघत थांबलो," डॉक्टरांनी सांगितलं. कुठला पक्षी, म्हणून कुणीतरी विचारलं. "तपकिरी," डॉक्टर म्हणाले आणि पाव मागवला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. कोल्हापुरात शाहूपुरीत दवाखाना, अरिहंत पार्कमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि खाली पार्किंगमध्ये ही माउंटन बाईक. ती कागलच्या राजवीर नावाच्या मुलाकडून, मोबाईलवर जाहिरात बघून घेतलेली. जवळजवळ नवी सायकल त्यानं एवढ्या घाईनं का काढली, हे विचारायचं डॉक्टरांना सुचलं नव्हतं. राजवीरनं ती द्यायला आल्यावर पुढच्या ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता, हे मात्र त्यांना नंतर आठवलं.

या ब्रेकात तार नसते. बारीक नळीत तेल असतं. लिव्हर दाबला की तेल पुढं ढकललं जातं आणि चाकाजवळचे दोन पॅड चकतीला दोन्हीकडून चिमटा काढतात. तेलात हवेचा बुडबुडा शिरला की सगळा जोर त्या बुडबुड्यालाच दाबण्यात जातो आणि चाक आपलं फिरत राहतं. मग खालून सिरिंजनं तेल चढवून वरून हवा बाहेर काढायची. याला ब्लीड करणं म्हणतात. डॉक्टरांनी त्याचे व्हिडिओ बघितले आणि त्यांचा ऊर भरून आला. सिरिंज, नळी, अडचणीची जागा, वाकून काम आणि समोरच्याला बोलता येत नाही. वीस वर्षं आपण दुसरं काय केलं?

"दुकानात द्या," त्यांची बायको प्राची म्हणाली. ती ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे आणि नवऱ्याच्या हातात पाना दिसला की उघड्या बाटल्यांना झाकणं लावत असे.

"मी सर्जन आहे, प्राची."

"दातांचे."

हा घाव डॉक्टरांनी मुकाट्यानं गिळला.

तेल पुण्याहून मागवलं. ते कुरिअरच्या हपिसात येऊन पडलं आणि तिथंच राहिलं, कारण पावतीवर नुसतंच 'तेल' असं लिहिलेलं होतं. "खायचं हाय का जळणारं हाय?" खिडकीतल्या माणसानं विचारलं. दोन्ही नाही, डॉक्टर म्हणाले. खिडकीतला माणूस कॉम्प्युटरकडं बराच वेळ बघत राहिला. "तसलं तेलच न्हाय ह्यात," तो म्हणाला. शेवटी डॉक्टरांनी 'खाण्यास अयोग्य, परंतु निरुपद्रवी' असं लिहून खाली सही केली आणि बाटली घेऊन बाहेर आल्यावर आपण हे ब्रेकबद्दल लिहिलं की स्वतःबद्दल, असा उगाच एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कामाला सुरुवात झाली. सोसायटीचे चेअरमन हंबीरराव लगेच प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन हजर झाले. हंबीरराव पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही प्रश्न ते पाइपलाइनीवरून सोडवत.

"काय झालंय?"

"लिव्हर मऊ पडलाय."

"अरारा! कुणाचं? वैनींचं? भुईआवळा द्या, डॉक्टर. उपाशीपोटी. आमच्या मेव्हण्याला..."

"सायकलचा लिव्हर."

"मग हवा धरलीया," हंबीरराव तेवढ्याच ठामपणे म्हणाले. "आमच्या लायनीला बी धरायची. व्हॉल उघडायचा, सोडायची. तुमी नुसतं उघडा की."

डॉक्टरांनी पुढचं चाक काढलं. लिव्हरच्या डोक्यावर पारदर्शक वाटी बसवली, खाली चाकाजवळच्या, तेल भरायच्या बोंडीला सिरिंजची नळी जोडली आणि सिरिंजचा दट्ट्या हिरड्यात इंजेक्शन देतात तितक्या सावकाश दाबला. वाटीत बारीक बुडबुडे आले, फुटले. डॉक्टरांनी नळीला टिचक्या मारल्या. आणखी थोडे आले. मग काही वेळ काहीच आलं नाही. आणि मग हरभऱ्याएवढा एकच बुडबुडा, अजिबात घाई न करता, वर आला. तो फुटला नाही. तेलावर तसाच बसून राहिला, डोळ्यासारखा. मग फुटला.

"हं."

आवाज मोठा नव्हता. तुमचं बोलणं ऐकलंय, एवढंच सांगणारा, बंद तोंडाचा, घोगरा, पुरुषी 'हं'. डॉक्टरांना पहिल्या क्षणी त्यात काही वावगं वाटलं नाही, याला कारण त्यांचा धंदा. आ वासलेल्या माणसाशी ते रोज तासन्तास गप्पा मारत आणि समोरून एवढंच उत्तर येत असे. त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, "झालं हं. फार नाही ना दुखलं?"

"हं," उत्तर आलं.

"मला काय म्हनलासा?" हंबीररावांनी विचारलं.

"नाही. तुम्हीच 'हं' म्हणालात."

"मी न्हाय बा."

दोघांनी गेटकडं बघितलं. गेटवर कुणी नव्हतं. जिन्यात मात्र पायऱ्या झाडणारी अंबूबाई झाडू तसाच धरून उभी होती. "म्हनलं की कोनतरी," ती म्हणाली. "गड्याचा आवाज. मी आयकलो." आणि उरलेल्या पायऱ्या न झाडताच ती निघून गेली.

त्या दिवशी ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. डॉक्टरांनी संध्याकाळी, सूर्यास्ताआधीच्या जेवणाला बसताना, आपलं यश प्राचीला तपशीलवार सांगितलं. दुसऱ्या सकाळी लिव्हर पुन्हा मुठीला टेकला. तेल कुठंही गळलेलं नव्हतं. फक्त पुढच्या चकतीवर दव पडलेलं होतं, बारीक थेंबाथेंबांचं, माळावरच्या गवतावर पडतं तसं. पार्किंगला छप्पर होतं. शेजारच्या स्कूटर कोरड्या होत्या.

डॉक्टरांनी दव पुसलं आणि पुन्हा हवा काढली. पुन्हा सगळ्यात शेवटी तो एकच हरभऱ्याएवढा बुडबुडा, पुन्हा "हं", आणि सकाळी पुन्हा लोणी.

या भानगडीत तेल पॅडवर सांडलं. पॅडना तेल लागलं की ब्रेक लागत नाही, नुसता ओरडतो. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, की पॅड आचेवर भाजले तर तेल जळून जातं. डॉक्टरांनी प्राची कॉलेजला गेल्यावर ते गॅसवर, फुलके फुगवायच्या जाळीवर भाजले. प्राची परत आली ती जिन्यातच थांबली. "हे कुठलं प्रेत जाळलंत?" तिनं विचारलं. ती जाळी फेकून द्यावी लागली. पॅड बसवून डॉक्टर सकाळी गल्लीत चक्कर मारायला गेले आणि त्यांनी ब्रेक दाबला, तर असं काही लांबलचक, चढत जाणारं विव्हळणं उठलं, की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायचं सोडून शेपट्या पायांत घालून बसली. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. डॉक्टरांनी हेल्मेट आणखी पुढं ओढलं, पण अरिहंत पार्कमध्ये दुसरा कुणीच हेल्मेट घालून सायकल चालवत नव्हता.

शेवटी नवे पॅड आणले. ओरडणं थांबलं. 'हं' थांबला नाही. आता त्याला बुडबुड्याचीही गरज उरली नव्हती. लिव्हर दाबला की नळीतून कुणीतरी श्वास सोडावा तसा तो यायचा.

खरं तर इथं कुणीही शहाणा माणूस घाबरला असता. डॉक्टरही घाबरले. दोन दिवस ते पार्किंगमधून जिनेश्वराचं नाव घेत, सायकलकडं पाठ करून जात होते. पण दुपारी दवाखाना बंद असताना घरात कुणी नसे, आणि माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते खाली गेले, चाकाजवळ बसकण मारली, लिव्हरवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "मला उताराची भीती वाटते."

"हं."

"तो पक्षीबिक्षी काही नव्हता. चालत आलो मी."

"हं," या वेळी जरा लांब, शेवटाला खाली उतरणारा. त्यात चेष्टा नव्हती. सल्ला नव्हता. भुईआवळा नव्हता. कुणीतरी सगळं ऐकून घेतलं होतं, एवढंच. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, ही खरी पंचाईत. मग ते रोजच जायला लागले. दाढा, पेशंट, मेव्हण्याचं फार्महाऊस, गुडघा, सगळं सांगायला लागले. लिव्हरचं लोखंड त्यांच्या बोटांखाली कोमट लागायचं. सायकलजवळ ओल्या गवताचा आणि शेणाचा वास यायचा. अरिहंत पार्कच्या आसपास ना गवत होतं ना गोठा.

एके दिवशी हंबीरराव सोसायटीचा कागद घेऊन वर आले. चेहरा गंभीर.

"डॉक्टर, भाडेकरू ठेवलाय न्हवं?"

"कसला भाडेकरू?"

"पार्किंगमदी. चार जणांनी तक्रार दिलीया. दुपारचं कोनतरी गडी तुमच्यासंगं बोलत बसतोय. ठेवा, आमचं काय म्हननं न्हाय. पर पोलीस व्हेरिफिकेशन पायजे. आधार कार्ड, दोन फोटू."

"हंबीरराव, तिथं कुणी राहत नाही."

"मग 'हं' कोन म्हनतंय?"

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. हंबीरराव आवाज खाली आणून म्हणाले, "मी काल बगाय गेलतो. म्हनलं, पावणं, कुठलं गाव? गप्प. म्हनलं, च्या घेनार? गप्प. म्हनलं, बरं हाय न्हवं? तर..." कागद त्यांनी तसाच टीपॉयवर ठेवला. "आधार कार्ड राहू दे," ते म्हणाले. आणि या माणसाला जिना उतरताना पहिल्यांदाच कठड्याचा आधार घ्यावा लागला.

डॉक्टरांनी सायकल दुकानात नेली. मेकॅनिकनं छाती ठोकून सांगितलं, की नळीच बदलू, विषय संपला. दुपारी त्याचाच फोन आला. आवाज बदललेला. "सायकल घिऊन जावा, डॉक्टर. नळी नवी घातलीया. पैसं नकोत." का, काय झालं, म्हणून डॉक्टरांनी विचारलं. "मी गाणं म्हनत काम करतोय," तो म्हणाला. "ते मधी मधी दाद द्याय लागलं."

सायकल घरी आली त्या दिवशी प्राची पार्किंगमध्ये उभी होती. पदर खोचलेला, हातात कॉलेजची बॅग तशीच.

"किती दिवस चाललंय हे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? कॉलेजातून येते ती जिन्यात बसून ऐकते रोज. घाबरू नका, माझ्या भावाच्या फार्महाऊसबद्दल माझंही तेच मत आहे." ती सायकलसमोर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज प्रॅक्टिकलच्या तासाचा होता. "दाबा लिव्हर."

डॉक्टरांनी दाबला.

"कोण आहात तुम्ही?" प्राचीनं विचारलं.

नळीत शांतता.

"असं विचारून काय उपयोग?" ती स्वतःशीच म्हणाली. "ज्याला फक्त 'हं' म्हणता येतं त्याला 'हं' म्हणता येईल असंच विचारलं पाहिजे. एवढे दिवस आपलीच रडगाणी सांगत बसलात, त्याचं काही विचारलंत कधी?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. खरंच विचारलं नव्हतं.

"तुम्हाला आमचा काही त्रास करायचाय?" काहीच आवाज नाही. "तुम्ही मेलेले आहात?" काहीच नाही. डॉक्टर मागं सरकून स्कूटरवर टेकले. त्यांचा हात लिव्हरवरून सुटला. प्राचीनं वाकून अगदी हळू, पोराला विचारावं तसं विचारलं, "घरी जायचंय का?"

लिव्हरवर कुणाचाही हात नव्हता. तरी तो हलला. दोन बोटांनी ओढावा तसा सावकाश आत आला, मुठीला टेकला, तिथं थरथरत राहिला आणि सुटला.

"हं."

प्राचीची बॅग खाली पडली. "त्या कागलच्या पोराला फोन लावा," ती म्हणाली.

राजवीरनं फोन उचलला आणि डॉक्टरांनी सायकलचं नाव काढलं. "परत घेनार न्हाय मी," तो आधीच म्हणाला. मग सांगायला लागला. सायकल त्याच्या मामाची, विजयसिंहांची. शाहूवाडीत, आंबा घाटाच्या अलीकडं डोंगरात त्यांचं घर. जनावरांचे डॉक्टर होते.

"होते म्हणजे?"

"म्हंजे हायत की. जित्तं हायत. पर बोलत न्हाईत. गेल्या वर्सापास्नं."

रविवारी ते सायकल गाडीच्या टपावर बांधून निघाले. मलकापूर मागं पडलं तसं भाताच्या खाचरांवर धुकं यायला लागलं. दुपारची वेळ होती, पण दिवे लावावे लागले. वाटेत डॉक्टरांनी दोनदा गाडी थांबवून टपावरच्या दोऱ्या तपासल्या. दोऱ्या घट्ट होत्या. फक्त पुढचं चाक, वारा नसताना, आपलंआपण हळूहळू फिरत होतं, गावाच्या दिशेनं.

दारातच संयोगिताबाई भेटल्या. विजयसिंहांच्या पत्नी. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती पाहुणे गाडीतून उतरायच्या आत.

"या, या, पावणं! दातांचं डॉक्टर न्हवं? राजवीरचा फोन आलता. माझी बी एक दाढ बघून ठेवा जाताना. बसा. ह्ये बघा आमचं मालक."

सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुर्चीवर विजयसिंह बसले होते. चांगला उंच, निरोगी गडी, दाढी केलेली, सदरा धुतलेला. डोळे उघडे. उजवा हात खुर्चीच्या हातावर होता आणि त्याची दोन बोटं आकड्यासारखी वळलेली होती. डॉक्टरांनी ती पकड ओळखली. ते रोज दुपारी तशीच बोटं वळवून बसत होते.

"गेल्या श्रावणातली गोष्ट," संयोगिताबाई सांगत होत्या. "वर पठारावरल्या वाडीत म्हस अडली हुती. जीप जात न्हाय तिकडं, म्हनून ह्ये सायकल घिऊन गेले. म्हस सुटली, रेडकू ब्येस झालं. येताना धुकं उतरलं आनि ब्रेक मऊ पडला. तितंच दगडावर बसून हवा काडालते, असं गुराख्यानं बघितलं. मग त्यालाबी काय दिसंना. धुकं निवळलं तर ह्ये तितंच, ब्रेक धरून. बोटं सोडवाय दोघं गडी लागलं. अंगावर खरचटासुदीक न्हाय! पर तवापास्नं हूं न्हाय की चूं न्हाय. कोल्हापुरात डोक्याचं समदं फोटू काढलं. डॉक्टर म्हनले, डोक्यात काय न्हाय. मी म्हनलं, ते मला लग्नापास्नं ठावं हाय." त्या हसल्या, आणि हसू ओठांवर असतानाच त्यांचे डोळे भरले. "मी बोलत राहतो, पावणं. दोघांच्या वाटचं. घर लई गप्प हुतंय न्हाय तर."

डॉक्टरांनी प्राचीकडं बघितलं. प्राचीनं मानेनंच नको म्हटलं. या बाईला सगळं सांगावं, तर वेड्यात काढेल. आणि खरं मानलं तर त्याहून वाईट. डॉक्टर एवढंच म्हणाले, "ब्रेकमधली हवा निघत नाही. इथं, यांच्यासमोर काढून बघतो. चालेल?"

"काढा की. त्यास्नी बी बरं वाटंल."

अंगणात सायकल उभी केली. डॉक्टरांनी चाक उतरवलं, वाटी बसवली, सिरिंज भरली. त्यांनी लिव्हर दाबला की सोप्यातली ती दोन बोटं वळायची. सोडला की सैल पडायची. हे प्राचीनंही बघितलं. संयोगिताबाई बघत नव्हत्या. त्या दाढेबद्दल सांगत होत्या. धुकं कुंपणावरून आत आलं, अंगणाच्या मधोमध येऊन थांबलं. गोठ्यातली जनावरं रवंथ करायची थांबली.

डॉक्टरांनी दट्ट्या दाबायला सुरुवात केली आणि नेमकी तेव्हा खालची नळी निसटली. तेलाची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात लिव्हर. नळीचं तोंड मोकळं राहिलं असतं तर हवा पुन्हा आत गेली असती. डॉक्टरांनी क्षणाचाही विचार न करता नळी दातांत पकडली आणि तशीच बोंडीवर दाबून धरली. ज्या माणसानं वीस वर्षं लोकांना दातांनी काही उघडू नका, पकडू नका म्हणून दटावलं, तो अंगणात ओणवा होऊन सायकलची नळी चावत होता.

"मी धरू काय एका हातानं?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"हं," डॉक्टर म्हणाले. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

"हं," ब्रेक म्हणाला.

संयोगिताबाईंचा पुढं आलेला हात तसाच राहिला. हा आवाज त्यांना ओळखू आला नसता तरच नवल. त्यांनी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आता त्या बोलत नव्हत्या.

बारीक बुडबुडे आले, फुटले. मग बराच वेळ काही नाही. मग तो निघाला. नळीतून वर सरकताना दिसत होता, सावकाश, मध्येच थांबत, दम खात चढ चढणाऱ्या माणसासारखा. तो वाटीत आला आणि तेलावर बसून राहिला. आधीपेक्षा मोठा. त्यात धुकं होतं. बाहेरचं प्रतिबिंब नव्हे, आतलं, फिरणारं. डॉक्टरांना एकाएकी वाटलं, की हा आता फुटला आणि वाऱ्यावर गेला तर? चुकीच्या दिशेनं गेला तर? त्यांनी कधी पेशंटच्या पहिल्या इंजेक्शनलासुद्धा धरला नव्हता असा श्वास रोखून धरला.

बुडबुडा फुटला. आवाज आला नाही.

काहीच आलं नाही. वाटीत तेल होतं, स्वच्छ आणि सपाट. एवढे दिवस ज्याची भीती वाटत होती तो आवाज यावा म्हणून त्यांनी लिव्हर दाबला. लिव्हर अर्ध्यावर येऊन भिंतीला लागल्यासारखा थांबला. गप्प.

अंगणातलं धुकं पायरी चढून सोप्यात गेलं.

"हं," खुर्चीतून आवाज आला.

कुणी हललं नाही. विजयसिंहांची दोन बोटं सरळ झाली होती. ती त्यांनी डोळ्यांसमोर धरून बघितली, हाताची मूठ करून सोडली आणि मग त्यांची नजर अंगणात बसलेल्या बायकोवर गेली. संयोगिताबाई नळी धरून तशाच होत्या. तोंड उघडं, पण वर्षभर न थांबलेलं त्यांचं बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. त्यांनी ओठ हलवून बघितले. काही फुटेना.

विजयसिंहांनी घसा खाकरला. गंजलेलं दार उघडावं तसा आवाज झाला.

"बोल की," ते म्हणाले.

संयोगिताबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्या मानेनं नुसतंच नाही, नाही म्हणत राहिल्या. डॉक्टरांनी दातांतली नळी हळूच सोडली. प्राचीनं त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं. निरोप घ्यायची ही वेळ नव्हती. चहा तर कुणाच्या लक्षातही नव्हता. दोघांनी मुकाट्यानं हत्यारं गोळा केली, चाक बसवलं आणि ते फाटकाबाहेर आले. मागं वळून बघितलं तर सोप्यात दोन माणसं होती आणि त्यातलं एक, थांबत थांबत, त्या म्हशीचं रेडकू आता केवढं झालं ते विचारत होतं.

"सायकल टपावर बांधू?" प्राचीनं विचारलं.

"नको. खाली रस्त्यापर्यंत मी चालवत येतो. तू हो पुढं."

प्राची गाडीत बसली. गाडीचे दिवे धुक्यात गेले.

उतार चांगलाच होता. बाजूला दरी असावी. दिसत नव्हती, तेच बरं. डॉक्टर सीटवर बसले, पाय उचलले, सायकल घरंगळायला लागली. पहिलं वळण आलं. डॉक्टरांनी दोन बोटांनी लिव्हर दाबला. चकती पकडली गेली, चाक आज्ञेतल्यासारखं मंदावलं. ब्रेक इतका सुरेख लागत होता, की डॉक्टरांना ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

"जमतंय की नाही?" ते म्हणाले.

धुक्यात टायरचा चिखलावरचा आवाज तेवढा येत होता. डॉक्टर थोडं पुढं गेले आणि पुन्हा म्हणाले, "नाही म्हणजे, उतार तसा काही फार नाही." लिव्हर त्यांच्या बोटांखाली थंड होता, नुसतं लोखंड. त्यांना सबंध डोंगरात एकटं असल्यासारखं वाटलं आणि त्यांनी बोलायचं सोडलं. वळणामागून वळणं आली. ते एकदाही उतरले नाहीत.

खाली फाट्यावर प्राची गाडीबाहेर उभी होती. त्यांना सायकलवर बसून येताना बघून तिनं सुटकेचा श्वास टाकला, जवळ येऊन त्यांच्या चष्म्यावरचं तेल ओढणीनं पुसलं आणि विचारलं, "लागला का ब्रेक नीट?"

"हं," डॉक्टर म्हणाले.

प्राचीचा हात थांबला. तिनं त्यांच्या तोंडाकडं रोखून बघितलं. मागं डोंगर धुक्यात पूर्ण बुडाला होता.

"पूर्ण वाक्य बोला," ती म्हणाली.

आणि डॉक्टर कोल्हापूर येईपर्यंत एकदाही गप्प बसले नाहीत.